कोकणातले चौदा वर्षं जुने फोटो परत धुवायला काढले: लाइटरूमचं डीनॉईज वापरून बघितलं

दिवाळीच्या आधी माळा आवरताना लाडवांच्या एका डब्यात सात डीव्हीडी सापडल्या. वर मार्करने माझंच अक्षर. एकीवर "कोकण फेब्रु २०११ रॉ", दुसरीवर "कोकण फायनल", तिसरीवर "कोकण फायनल फायनल". (रॉ म्हणजे सेन्सरने पकडलेला कच्चा डेटा, अजून फोटो म्हणून न शिजवलेला.) त्या काळात ज्यांना फोटोग्राफीचा किडा चावला होता त्यांना लगेच कळेल. आता घरातल्या एकाही लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, मग ऑफिसातल्या एकाकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागून आणला, आणि सातपैकी पाच वाचल्या गेल्या, दोन नुसत्याच घरघर करत बसल्या. त्यातली एक "फायनल फायनल" होती, त्यामुळे फार रडलो नाही. का ते पुढे येईलच.

तर हा रिव्ह्यू लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधल्या डीनॉईजचा, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोत येणारे ठिपके (नॉईज) काढणाऱ्या सोयीचा, आणि जाता जाता त्याच्याच शेजारच्या, फोटो मोठा करून देणाऱ्या सुपर रिझोल्यूशनचा. मला कोणी पैसे दिलेले नाहीत, मी स्वतःच्या खिशातून सबस्क्रिप्शन घेतलंय. आणि मी कुणी मोठा फोटोग्राफर नाही, लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, शनिवार-रविवार कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा माणूस आहे. नवीन कॅमेऱ्याच्या नवीन फोटोंवर हे कसं चालतं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, जुन्या सहा मेगापिक्सेलवाल्या फायलींवर काय होतं ते कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

कॅमेरा होता निकॉन डी-४०. २००६ च्या शेवटी आलेलं मॉडेल, मी सेकंडहँड घेतला होता. सहा मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर, फोकसचे पॉइंट फक्त तीन, आणि बॉडीत फोकस मोटर नाही त्यामुळे माझी स्वस्तातली पन्नास एमएम एफ-१.८ डी लेन्स त्यावर हातानेच फोकस करायला लागायची. सेन्सरवरची धूळ झटकायची सोयही नव्हती, ती पुढच्या डी-६० मध्ये आली. आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा आकडा, वाढवला की नॉईज पण वाढतो) दोनशेपासून सोळाशे आणि त्याच्या वर एक "हाय १", ज्यात ज्वारीच्या पिठातून बघितल्यासारखं दिसायचं. पण दिवसाउजेडी त्या कॅमेऱ्याचे रंग काय यायचे! सीसीडीचे रंग वेगळेच असतात असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यावर भांडणारे पण आहेत, मी मध्ये पडत नाही, मला आवडायचे एवढंच.

ट्रिप चौघांची, एक वॅगन-आर, सहा दिवस. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे वेश्वीला, तिथून केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली, दाभोळला परत फेरी, पलीकडे धोपावे, मग गुहागर, हेदवी, गणपतीपुळे करत करत मालवण. दिवेआगरला सोन्याच्या गणपतीचं दर्शन घेतलं होतं, आणि पुढच्याच वर्षी मार्च २०१२ मध्ये तिथे दरोडा पडून ती मूर्ती चोरीला गेली, त्यामुळे दिवेआगरचं फोल्डर उघडताना जरा वेगळंच वाटलं. बाकी ट्रिपमध्ये जे व्हायचं ते सगळं झालं. एक पंक्चर, एक जण आजारी, आणि केळशीला जेवताना सुरमईचा शेवटचा तुकडा कोणी खाल्ला यावरून झालेलं भांडण, जे आमच्या ग्रुपवर अजून वर्षातून दोनदा निघतं.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे दोनच कार्डं होती, एक चार जीबीचं आणि एक दोनचं. डी-४० ची एक रॉ फाईल पाच-सहा एमबीची. पहिले तीन दिवस मी राजासारखे रॉ फोटो काढले, एकाच बैलगाडीचे तीस-तीस, आणि गुहागरला पोचेपर्यंत दोन्ही कार्डं भरत आली. लॅपटॉप कोणी आणलेला नाही. मग मी काय केलं, सेटिंग बदलून जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दाबलेली छोटी फाईल) केलं, ते पण "नॉर्मल" क्वालिटीचं, म्हणजे अजून जागा वाचेल. तेव्हा वाटलं काय फरक पडतो, स्क्रीनवर तर सारखंच दिसतंय. तर आता चौदा वर्षांनी माझ्याकडे एकाच ट्रिपचे, एकाच कॅमेऱ्याचे दोन गठ्ठे आहेत, धोपाव्यापर्यंत रॉ आणि गुहागरपासून जेपेग. असली तुलना कोणी ठरवून केली नसती, माझ्या कंजूषपणाने आपोआप झाली.

सुरुवात हर्णेपासून केली. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, हर्ण्याच्या बंदरात संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव चालतो. होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि तिथून मासळी किनाऱ्यापर्यंत आणायला बैलगाड्या पाण्यात घालतात. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवर टोपल्या, मागे सुवर्णदुर्ग, आणि सूर्य नुकताच बुडालेला. फोटोग्राफरला याहून काय पाहिजे. पण आम्ही पोचलो उशिरा, उजेड गेला होता, म्हणून आयएसओ सोळाशे आणि तरी शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा हळू ठेवायला लागलेलं. २०११ मध्ये तो फोटो मी घरी उघडला तेव्हा बैलाच्या काळ्या अंगावर लाल-निळे ठिपके नाचत होते, आकाश म्हणजे सॅन्डपेपर. तेव्हाच्या सॉफ्टवेअरने नॉईज काढायला गेलं की ठिपके जायचे पण बैलपण मेणाचा व्हायचा. शेवटी काळापांढरा केला आणि "मुद्दाम ग्रेन (जुन्या फिल्मसारखे दाणे) ठेवलाय" असं लोकांना सांगितलं. हा डायलॉग तुम्हीपण मारला असणार, खोटं बोलू नका.

तीच फाईल आता घेतली, डीनॉईज दाबलं, आणि खरं सांगतो, मी खुर्चीत सरळ बसलो. ठिपके गेले हे तर झालंच, पण बैलाच्या मानेवरची ओली लव दिसायला लागली, जुवाच्या दोरीचे पीळ दिसले, टोपलीतली मासळी ही नुसती चमकणारी काहीतरी न राहता पापलेट आहेत हे कळलं. सावल्या उचलल्या तर गाडीवानाचा पाण्याखालचा पाय पण थोडा दिसतो. हे सगळं फाईलमध्ये पहिल्यापासूनच होतं, ठिपक्यांच्या खाली दबलेलं.

हे कसं होतं ते मला जेवढं समजलंय तेवढं सांगतो, कारण ते समजलं की कुठला फोटो सुधारेल आणि कुठला नाही हे आधीच कळतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग पकडतो, लाल किंवा हिरवा किंवा निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांकडे बघून अंदाजाने भरायचे असतात, आणि हे काम रॉ फाईल उघडताना कॉम्प्युटर करतो. आता एखादा पिक्सेल नॉईजमुळे चुकीचा असेल तर त्याची चूक शेजाऱ्यांच्या अंदाजात पण शिरते, एका नासक्या आंब्याने पेटी खराब व्हावी तसं. जुनी सॉफ्टवेअर बहुतेक आधी रंग भरायची आणि मग नॉईज पुसायची, म्हणजे डाग पसरल्यावर फडकं घेऊन यायची. हे डीनॉईज दोन्ही कामं एकदमच करतं, कच्च्या डेटावर, आणि खूप सारे फोटो बघून शिकलेलं असल्यामुळे नॉईज कुठला आणि लव कुठली हे बऱ्यापैकी ओळखतं. लाइटरूममध्ये हे एप्रिल २०२३ मध्ये आलं. म्हणजे माझा कॅमेरा सोळा वर्षांचा म्हातारा झाल्यावर त्याला औषध सापडलं.

वापरायला सोपं आहे, एक स्लायडर, शंभरपर्यंत, सुरुवातीला पन्नासवर असतो. पूर्वी हे दर फोटोची एक वेगळी डीएनजी फाईल बनवून द्यायचं आणि डिस्क भरून टाकायचं, २०२५ च्या मध्यापासून ती भानगड गेली, त्याच फाईलवर काम होतं आणि नंतर आकडा बदलता पण येतो.

पण इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या रात्री मला चढलं होतं, सगळ्या फोटोंना ऐंशी-नव्वद लावून मोकळा झालो. सकाळी चहा घेताना बघितलं तर वाळू गायब, म्हणजे वाळू आहे पण बेसनाचा घोल ओतल्यासारखी गुळगुळीत, आणि कोळणींचे चेहरे एकदम पार्लरमधून आल्यासारखे. दोष माझ्या हाताचा, स्लायडरचा नाही. आता मी पंचवीस-तीसच्या वर जात नाही, फार तर चाळीस. थोडा ग्रेन राहू द्यावा, डी-४० चा ग्रेन बारीक होता, तो पूर्ण काढला की फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच कॅमेऱ्याचा वाटतो.

वेळेचं म्हणाल तर ते तुमच्या ग्राफिक्स कार्डवर आहे. माझ्या लॅपटॉपला वेगळं कार्ड नाही त्यामुळे सहा मेगापिक्सेलच्या चिमुकल्या फाईलला पण पुरेसा वेळ लागतो, पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतो, बायको विचारते "काय पेटवलंयस?" रात्री वीस-पंचवीस फोटो निवडून लावायचे आणि झोपायचं. चोवीस किंवा पंचेचाळीस मेगापिक्सेलवाल्यांनी आधी आपल्या मशीनकडे बघून घ्यावं.

आता केळशी. हा भाग जरा लांबेल.

केळशीला आम्ही एका घरगुती ठिकाणी जेवायला थांबलो होतो. महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला, नक्की कुठे ते सांगत नाही. रात्रीचे साडेआठ, लाइट गेलेले, तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, आणि मागच्या पडवीत आजी चुलीसमोर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. उजेड फक्त चुलीचा आणि खुंटीवरच्या कंदिलाचा. मी विचारलं, "आजी, फोटो काढू का?" तर म्हणाल्या, "काढ, पण भाकरी करपली तर तुलाच वाढीन." पन्नास एमएम लावली, एफ-१.८, आयएसओ सोळाशे, हाताने फोकस, श्वास रोखून सात फोटो काढले. त्यातला एक शार्प आला. एकच. पण त्यात एवढा नॉईज आणि एवढा भगवा रंग की २०११ मध्ये मी त्याला हातच लावला नाही.

यावेळी लाइटरूममध्ये उघडायच्या आधी मी एक आगाऊपणा केला. फोनवर एक फुकट अ‍ॅप होतं, नाव घेत नाही, जुने चेहरे "एका टचमध्ये एचडी" करून देणारं. त्यात टाकला. दहा सेकंदात फोटो तयार, चेहरा लख्ख, डोळे चमकदार, मला वाटलं वा! आणि तसाच त्या घरच्या नंबरवर पाठवला. नंबर जुन्या डायरीत होता आणि चालू निघाला. आजी आता नाहीत, त्यांचा मुलगाच सगळं बघतो. पाच मिनिटांत त्यांचा मेसेज, "दादा फोटो छान आहे पण ही कोण?"

मी फोन केला. म्हटलं, "अहो, तुमच्या आईच की, चुलीपाशी बसल्यात." ते म्हणाले, "पडवी आमची, चूल आमची, पण ही आमची आई नाय हो." मागून त्यांच्या मिसेसचा आवाज, "हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं सासूबाईंचं? आणि हे दात कुठून आणले, शेवटची चार वर्षं त्या कवळी पाहिजे म्हणून मागं लागल्या होत्या!"

मी मूळ फाईल उघडून मोठी करून बघितली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, नॉईजमध्ये मिसळलेले, पण होते. अ‍ॅपला वाटलं घाण आहे, पुसून टाकले. ओठ मिटलेले नव्हते, त्यातल्या अंधाराच्या जागी त्याने छान पांढरे दात बसवले. डाव्या भुवईजवळ एक जुनी खूण होती, ती पण साफ. म्हणजे त्याने आजींचा फोटो सुधारला नव्हताच, त्याला माहीत असलेल्या कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईचा चेहरा आजींच्या जागी चिकटवला होता. आणि मला तो "लख्ख" वाटला. मी त्यांच्यासमोर दीड तास बसून जेवलो होतो तरी मला कळलं नाही, याची लाज जास्त वाटली.

मग रॉ फाईलवर नीट बसलो. व्हाइट बॅलन्स (उजेडामुळे आलेली रंगाची झाक दुरुस्त करणं) आधी, रॉमध्ये तो नंतर पाहिजे तसा बदलता येतो हे अर्धं सुख आहे, भगवा पूर्ण नाही काढला, चुलीचा उजेड भगवाच असतो. डीनॉईज तीसवर. एक मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, चेहऱ्यावर अर्धा स्टॉप उजेड, बस. तिन्ही ठिपके राहिले. हातावरचं पीठ दिसलं. डोळ्यात चुलीतल्या जाळाचं प्रतिबिंब आहे, बारीक, ते मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. थोडा ग्रेन आहे, कडेला जरा मऊ आहे, एफ-१.८ ला ती लेन्स तशीच. परत पाठवला. यावेळी मेसेज आला नाही, फोन आला, आणि ते फार बोलले नाहीत, मोठा करून मिळेल का एवढंच विचारलं.

डीनॉईज आणि असल्या चेहरा बनवणाऱ्या अ‍ॅपमधला फरक माझ्यासाठी तिथेच स्पष्ट झाला. दोन्हीला लोक एआयच म्हणतात. पण कमी आकड्यावर ठेवलेलं डीनॉईज फाईलमध्ये जे आहे त्याच्या आसपास राहतं, आणि ती अ‍ॅप्स जे नाही ते बनवून देतात. घरातल्या जुन्या माणसांचे फोटो कोणाला पाठवायचे असतील तर आधी त्यांना ओळखणाऱ्या माणसाला दाखवा, माझ्यासारखी फजिती करून घेऊ नका.

आता दुसरा गठ्ठा, गुहागरनंतरचा, जेपेगवाला. इथे मामला थंड आहे. डीनॉईज मुळात रॉसाठी आहे, माझ्या जेपेगवर ते चाललंच नाही. साधा जुना ल्युमिनन्सचा स्लायडर आहे तो वापरायचा, तो फडकं घेऊन येणाऱ्यांपैकीच. कारण कॅमेऱ्याने जेपेग बनवताना आधीच रंग भरले, स्वतःच्या अकलेने नॉईज पुसला, शार्प केलं, आणि मग आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून सगळं दाबून भरलं. कच्च्या डेटात एका रंगाला ४०९६ पायऱ्या असतात, बारा बिटच्या हिशोबाने, आणि जेपेगमध्ये २५६. हेदवीच्या बामणघळीचा माझा फोटो आहे, भरतीचं पाणी कपारीतून उंच उडालेलं, टायमिंग आयुष्यात एकदा जमलेलं, आणि पाणी पूर्ण पांढरंफट्ट, आत काहीच नाही. हायलाइटचा स्लायडर खाली ओढला तर पांढऱ्याचा राखाडी झाला, तुषार काही आले नाहीत. गणपतीपुळ्याचा सूर्यास्त आहे, आकाशाला हात लावला की ऑम्लेटसारखे पट्टे पडतात. मालवणच्या किनाऱ्यावरून काढलेला सिंधुदुर्ग बरा आहे, कारण उन्हात काढला होता आणि त्याला काही करायलाच लागलं नाही.

एक मात्र आहे, आकाश, माणूस वगैरे आपोआप निवडून देणारे मास्क जेपेगवर पण चालतात, आणि सुपर रिझोल्यूशन पण चालतं. पण दाबलेल्या जेपेगला मोठं केलं की त्याचे चौकोन पण मोठे होतात, मला तर त्यात काही मजा वाटली नाही.

सुपर रिझोल्यूशन रॉवर मात्र मस्त. हे २०२१ मध्ये आलं होतं. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट. डी-४० ची फाईल ३००८ बाय २०००, ती होते ६०१६ बाय ४०००, म्हणजे सहा मेगापिक्सेलचे चोवीस. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांना समुद्राने मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीयत ना, त्याचा भर उन्हातला आयएसओ दोनशेचा फोटो होता, त्यावर चालवला. तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) मूळ फाईलचा प्रिंट जेमतेम दहा इंच रुंद निघाला असता, आता बारा बाय अठराचा आरामात निघाला आणि जवळ नाक नेऊन बघितलं तरी भोकांच्या कडा स्वच्छ. फोटो शार्प असला तरच हं. हललेल्या फोटोला चौपट केलं तर चौपट हललेला फोटो मिळतो.

किरकोळ गोष्टी पटापट. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ पूर्ण ट्रिपभर बारा तास पुढे होतं, त्यामुळे हर्ण्याची संध्याकाळ पहाटेची दाखवत होती, लाइटरूममध्ये सगळे फोटो निवडून वेळ एकदम सरकवता येते, दोन मिनिटांचं काम. सेन्सरवर धूळ इतकी की एफ-१६ ला काढलेल्या प्रत्येक आकाशात तेच अकरा डाग, एका फोटोत पुसून बाकीच्यांना कॉपी केलं. आणि समुद्र. देवा. चौघांपैकी कोणी त्या सहा दिवसांत क्षितिज सरळ पकडलेलं नाही, प्रत्येक फोटोत अरबी समुद्र उजवीकडे सांडतोय. लेन्सचं प्रोफाइल लावलं की अठरा एमएमला आलेला फुगवटा जातो, मग सरळ करायचं, कडा थोड्या कापल्या जातात, त्याला इलाज नाही.

आणि ते "फायनल फायनल". एक "फायनल" डीव्हीडी चालली ती बघितली आणि कॅमेऱ्याला उगाच शिव्या घालत होतो असं वाटलं. २०११ सालचा मी म्हणजे, प्रत्येक फोटोला एचडीआर, ढग असे की आत्ता जगबुडी होणार, चारी कोपरे काळे, एका फोटोत सगळं काळंपांढरं आणि फक्त होडी लाल, आणि खाली उजवीकडे माझ्या नावापुढे "फोटोग्राफी" लिहिलेला वॉटरमार्क, तो पण तिरक्या अक्षरात सावली पाडून. जणू कोणी चोरूनच नेणार होतं. बरं झालं रॉ ठेवल्या होत्या, नाहीतर ट्रिपची एवढीच आठवण उरली असती.

पैशांचं. लाइटरूम क्लासिक एकदा विकत घेऊन ठेवता येत नाही, सबस्क्रिप्शनच आहे. बंद केलंत तर कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण एडिट करायचा भाग बंद होतो. जुन्या फोटोंचं काम संपणारं असतं, त्यामुळे ज्यांच्याकडे मर्यादित फोटो आहेत त्यांनी आधी सगळे निवडून ठेवावेत, मग सबस्क्रिप्शन घेऊन काम उरकावं. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, व्हाइट बॅलन्स, उजेड वगैरे बेसिक गोष्टींना पुरतं. डार्कटेबल पण फुकट, ओपन सोर्स, आणि त्यात कॅमेऱ्यागणिक नॉईजचे प्रोफाइल आहेत, मी हर्ण्याचा फोटो त्यात पण करून बघितला, चांगला झाला, लाइटरूमएवढा नाही पण २०११ च्या मानाने कितीतरी बरा. फक्त ते शिकायला एक पावसाळा जाईल. माझं मत विचाराल तर आयएसओ आठशे-सोळाशेच्या रॉ फायली भरपूर असतील तर डीनॉईजला पाचापैकी साडेचार, सगळं जेपेगच असेल तर त्याच्यासाठी एक रुपया घालवू नका.

आजींचा प्रिंट मॅट कागदावर काढला, कारण चकचकीत कागदावर चुलीमागचा अंधार आरसा होतो, आणि फ्रेम करून केळशीला पाठवला. पाठवायच्या आधी शेवटचं म्हणून मूळ फाईलच्या सावल्या गंमत म्हणून पूर्ण वर ओढल्या, कोपऱ्यात काय आहे बघू म्हणून. चौदा वर्षं तो कोपरा निव्वळ काळा होता. डीनॉईजनंतर त्यात पडवीची भिंत आली, एक सूप आलं, पाट आला, आणि पाटावर बसलेला आमचा गाडीवाला मित्र आला, जो त्या वेळी "मी बाहेर गाडी बघायला गेलो होतो" असं आजतागायत सांगतो. डावा हात ताटावर आडवा, उजव्या हातात सुरमईचा तुकडा, नजर दाराकडे.

क्रॉप करून ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासाने त्याचा रिप्लाय आला, "एआयने बनवलंय."

रॉ फाईल पाठवलीय. अजून उघडलेली नाही त्याने.